‘आमच्या बाळाला नको’ म्हणणारं दार : लसीकरणाच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

हा लेख नव्या आशा, शहरी वस्तीतल्या आरोग्यसेविका, नर्सिंगचे विद्यार्थी आणि मोहिमेपुरते मदतीला येणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. कोणती लस कधी द्यायची, हे प्रशिक्षणात शिकवतात. समोरची बाई दार अर्धवट उघडून ‘नको’ म्हणाली तर पुढे काय, हे मात्र बहुधा ज्याचं त्याला शिकावं लागतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. नकार देणाऱ्या बहुतेक घरांचं लसीशी भांडण नसतं. मागच्या डोसानंतर रात्रभर रडलेलं बाळ, केंद्रावर कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान, वस्तीत कधीच न आलेलं पाणी, यांपैकी कशाचा तरी राग लसीवर निघतो. त्यामुळे लसीचे फायदे घडाघडा सांगायला सुरुवात केली की अर्धी लढाई तिथेच हरलात. राग नेमका कशाचा आहे, ते शोधणं हे पहिलं काम.

यादी तपासल्याशिवाय कुणाला ‘नकारवाला’ म्हणू नका

पल्स पोलिओत घर पूर्ण झालं की भिंतीवर खडूने ‘पी’ आणि राहिलं की ‘एक्स’ लिहितात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या ‘एक्स’चे पोटप्रकार आहेत: घराला कुलूप, मूल गावातच पण घराबाहेर, मूल गावाबाहेर, मूल आजारी, आणि शेवटी प्रत्यक्ष नकार. ही विभागणी नेहमीच्या लसीकरणातही आपल्या वहीत करा. राहिलेल्या मुलांची नावं एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे कारण लिहिलं, की यादीतली बरीच नावं नकाराच्या रकान्यातून बाहेर पडतात.

महाराष्ट्रात हमखास दिसणारी कारणं अशी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आई सव्वा किंवा तीन महिन्यांनी सासरी परतते. दीड महिन्याचा डोस तिकडे झाला, अडीचचा राहिला, आणि कार्ड माहेरच्या कपाटात आहे. बीडकडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, तेवढ्यात बाळाचे दोन-तीन डोस हुकतात. वीटभट्टीचंही तसंच. रोजंदारीवर जाणारी आई सकाळी दहाला लसीकरण सत्राला आली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. कुणी खासगी दवाखान्यात डोस दिलेला असतो, तो आपल्याकडे नोंदलेला नसतो. आणि काही आयांना वाटतं, ‘एक डोस चुकला, आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल, डॉक्टर ओरडतील.’

या शेवटच्या गैरसमजावर दोन वाक्यं तोंडपाठ ठेवा. चुकलेला डोस जिथे थांबला तिथूनच पुढे द्यायचा असतो, पुन्हा पहिल्यापासून नाही. बीसीजी (क्षयाची लस) एक वर्षापर्यंत देता येतं, पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू करता येतो, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत.

कार्ड हरवलं असेल तर रागावू नका. केंद्रावर ठेवलेल्या कार्डाच्या अर्ध्या भागावरून किंवा रजिस्टरवरून नवं कार्ड बनतं. बीसीजीचा व्रण डाव्या दंडावर दिसतो का, तेही पाहा.

‘नको’ कुणाचं आहे?

दारात आई बोलते, पण निर्णय तिचा असेलच असं नाही. सासू, आजेसासू, दुबईहून फोनवर बोलणारा नवरा, शेजारची अनुभवी बाई, गल्लीतला डॉक्टर, यांपैकी एकाचं ‘नको’ ती तुमच्यापर्यंत पोचवत असते. तिलाच पटवत बसलात तर ती मान डोलावेल आणि सत्राच्या दिवशी येणार नाही.

सरळ विचारा: ‘ताई, तुमच्या मनात काय आहे ते कळलं. घरात आणखी कुणाला काही वाटतं का?’ उत्तर सासूबाईंकडे गेलं तर पुढचं बोलणं सासूबाईंशी. ‘आजी, तुम्ही किती लेकरं वाढवलीत! गोवर आलेला पाहिलाय का कधी?’ हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला खरोखर विचारण्यासारखा आहे. साठीपुढच्या अनेकींनी घरात नाहीतर शेजारी गोवराने किंवा घटसर्पाने गेलेलं मूल पाहिलेलं असतं. तरुण आईने यातलं काही पाहिलेलं नसतं. लसीने रोग दिसेनासा केला आणि त्यामुळे लसच अनावश्यक वाटू लागली, ही या कामातली जुनी अडचण. ती सोडवायला आजीसारखा साक्षीदार नाही.

नवरा परदेशात असेल तर तो फोनवर असताना जा. आईला मध्ये दुभाषी करू नका. स्पीकर लावून थेट त्याच्याशी बोला.

कारणं आणि त्यांवरची उत्तरं

सगळ्यांना एकच भाषण देऊ नका. कारण ओळखा, तेवढ्यालाच उत्तर द्या.

*‘मागच्या वेळी फार ताप आला.’* सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात खरं कारण. पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग असतो त्याने ताप येतो, मांडीला सूज येते, बाळ किरकिरतं. बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. गोवर-रुबेलाचा ताप आणि बारीक पुरळ उशिरा, साधारण ५ ते १२ दिवसांनी येतात, त्यामुळे आईला संबंध लागत नाही आणि ‘लस देऊनही गोवर आला’ अशी बातमी गल्लीत फिरते. बीसीजीची तर वेगळीच तऱ्हा: दोन ते चार आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, चिघळल्यासारखा दिसतो आणि ६ ते १२ आठवड्यांत व्रण ठेवून भरतो. त्यावर हळद, मलम, काही लावायचं नाही. हे डोसाच्या आधी सांगितलं तर ‘सांगितलं होतं तसंच झालं’ होतं. न सांगता झालं तर ‘फसवलं’ होतं. ताप एकच, फरक सांगण्याचा.

*‘एकाच दिवशी किती सुया टोचणार?’* दीड महिन्याच्या बाळाला डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), उजव्या दंडावर पोलिओची ०.१ मिलीची सुई, शिवाय तोंडाने पोलिओचे दोन थेंब आणि रोटा (हगवणीवरची). आईच्या जागी उभं राहून पाहा. ‘काही होत नाही हो’ म्हणू नका, होतं. तिला पर्याय समजावा: आज तीन टोचल्या तर रडणं आणि ताप एकदाच, वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तर तीनदा मजुरी आणि तीनदा ताप, आणि मधल्या काळात बाळ उघडं राहतं. टोचताना बाळ पाळण्यात न ठेवता आईच्या मांडीवर ठेवा, लगेच अंगावर पाजू द्या. तरीही ती दोनच सुयांना तयार असेल तर दोन द्या, आणि राहिलेल्या एकीची तारीख तिच्यासमोर कार्डावर लिहा. सगळं किंवा काहीच नाही असा हट्ट धरला तर ‘काहीच नाही’ होतं.

*‘बाळ आजारी आहे, अशक्त आहे.’* साधी सर्दी, खोकला, हगवण, अंग थोडं कोमट असणं ही लस टाळायची कारणं नाहीत. कुपोषित बाळाला तर लस आधी हवी, कारण गोवर त्यालाच जास्त छळतो. जास्त ताप असेल किंवा बाळ दवाखान्यात दाखल असेल तर थांबा, आणि तेव्हा स्वतःहून थांबा. ‘आज नको, चार दिवसांनी मीच येते’ असं तुम्ही म्हणालात की पुढच्या वेळचं ‘द्या’ही खरं वाटतं.

*‘ह्याने मुलं होत नाहीत.’* नसबंदीची ही अफवा उत्तर प्रदेश-बिहारच्या पोलिओ मोहिमेत वर्षानुवर्षं फिरली, २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत व्हॉट्सअॅपवर पुन्हा आली. हसण्यावारी नेऊ नका. तिला मूळ आहे. आणीबाणीत सरकारी गाड्या आल्या आणि माणसं नसबंदीला नेली, ही आठवण उत्तरेत ताजी आहे, आणि महाराष्ट्रही वेगळा नव्हता: १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक देशात पहिल्यांदा याच राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं. सरकारी माणूस फुकट काहीतरी घेऊन दारात आला की तेव्हाच्या घरांना ते आठवतं. आकडेवारी इथे चालत नाही. चालतं ते असं: ‘भाभी, १९९५ पासून पोलिओचे डोस चालू आहेत. तेव्हा डोस घेतलेली पोरं आज तिशीत आहेत. तुमच्या गल्लीत त्यांना लेकरं झाली की नाही, तुम्हीच सांगा.’ आणि आपल्या मुलांना तीच लस दिली असेल तर तेही सांगा.

*‘लशीत हराम काही आहे का?’* ‘छे, काही नाही’ हे उत्तर देऊ नका, कारण तुम्हाला बाटलीवरची सगळी द्रव्यं माहीत नसतात. इंडोनेशियात २०१८ मध्ये याच प्रश्नावर मोहीम अडखळली. लस होती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेलाची. तिथल्या उलेमा परिषदेने ऑगस्टमध्ये निर्णय दिला की निर्मितीत डुकरापासूनचा घटक आहे, म्हणून ती हराम. मात्र पर्याय उपलब्ध नसताना आणि जिवाला धोका असताना घ्यायला परवानगी आहे. लोकांनी पहिला शब्द ऐकला, दुसरा कमी. आचेसारख्या प्रांतात लसीकरण अगदीच थोडं झालं. यातून घ्यायचं ते असं: धर्माच्या प्रश्नाला आरोग्यसेविकेने धर्माचं उत्तर देऊ नये. तो प्रश्न मोहिमेच्या आधी, वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत, मौलानांकडे घेऊन जा आणि त्यांनाच बोलू द्या.

*‘गोवर म्हणजे देवी, तिला सुई कशी टोचणार?’* गोवर आला की घराला कडुलिंबाचा पाला लागतो, फोडणी बंद होते. लिंबाच्या पाल्याने काही बिघडत नाही, त्यावर वाद घालू नका. वाद घाला तो उपाशी ठेवण्यावर आणि दवाखाना टाळण्यावर. ‘आजी, देवीचं जे करायचं ते करा. पण लेकराचं दूध, पाणी, वरण बंद करू नका, आणि अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायला मला येऊ द्या.’ मेळघाटात बाळाच्या पोटावर गरम सळईचे डाग देणारा भुमका, म्हणजे गावचा वैदू-मांत्रिक असतो. त्याच्यावर तक्रार करणं सोपं, पण गाव आधी त्याच्याकडेच जातं. त्याला ओळखीत घ्या, आजारी बाळ पुढे पाठवायला सांगा.

*‘ताप आला की औषध मिळत नाही, आणि डोस मात्र घरी येतो.’* हा राजकीय आक्षेप आहे आणि तो बरोबर आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लोकांनी रस्ता, नाली, दवाखाना मिळेपर्यंत पोलिओचा डोस घेणार नाही अशी भूमिका घेतली होती. मोहीम चालवणाऱ्यांनी शेवटी ते ऐकलं: २००९ पासून उत्तर प्रदेश-बिहारमधल्या सर्वाधिक जोखमीच्या १०७ तालुक्यांत पोलिओबरोबर हगवणीवर जस्ताच्या गोळ्या, स्वच्छ पाणी, हात धुणं, स्तनपान यांचंही काम जोडलं. देशात २००९ मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा एकही नाही. फक्त त्या कामामुळे हे झालं असं नाही, लसही सुधारली होती; पण बंद दारं उघडायला त्याचा हातभार लागला. तुमच्या हातात नाली नाही. ओआरएसची पाकिटं, गटप्रवर्तकांचा (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांचा) फोन आणि ग्रामसभेत तक्रार मांडण्याची जागा आहे. तेवढं करा आणि काय झालं ते परत येऊन सांगा, नाही झालं तरीही.

*‘तुम्हाला पैसे मिळतात म्हणून येता.’* नाकारू नका. आशांना संपूर्ण लसीकरणामागे ठरलेला मोबदला मिळतो आणि गावाला तो माहीत असतो. ‘मिळतो, काकू, कामाचे पैसे आहेत. तुम्ही नाही म्हणालात तरी मी पुढच्या महिन्यात येणारच’ असं उत्तर द्या.

खासगी डॉक्टरांकडची ‘न दुखणारी’ लस शहरात विचारली जाते. तिने ताप कमी येतो हे खरं. सरकारी लसीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकाचं संरक्षण जास्त टिकतं हेही खरं. कुणी खासगीत घेत असेल तर भांडू नका, कार्डावर नोंद करून घ्या. लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते ही भीती शिकलेल्या आणि परदेशी नातेवाईक असलेल्या घरांत भेटते. ती १९९८ च्या एका शोधनिबंधातून आली. तो लँसेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि लेखकाचा वैद्यकीय परवाना रद्द झाला.

दारात पहिली पाच मिनिटं

दोघंच जा. चार-पाच जणांचा घोळका आला की छापा पडल्यासारखं वाटतं, आणि बरोबर खाकी असेल तर आणखीच. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सोजिरांनी घरं तपासली, तेव्हापासून साथीच्या नावाने घरात घुसणाऱ्या माणसांबद्दल आपल्या शहरांची एक आठवण आहे. रेशन बंद होईल, दाखला मिळणार नाही अशा धमक्या तर कधीच देऊ नका. त्या दिवशी कदाचित डोस होईल. पुढच्या मोहिमेला घर कुलूपबंद सापडेल.

नाव घेऊन बोला. ‘ताई’, ‘मावशी’, ‘वहिनी’ किंवा मोहल्ल्यात ‘खाला’, ‘बाजी’ जे चालतं ते. बाळाचं नाव विचारा, वजन विचारा, आईने काय खाल्लं ते विचारा. मग: ‘आर्यनचा अडीच महिन्यांचा डोस राहिलाय. काही अडचण आहे का?’ प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. नव्या लोकांना हे सगळ्यात जड जातं. ती थांबली की आपण लगेच भरायला धावतो, आणि खरं कारण गिळलं जातं.

ऐकलेलं तिच्याच शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे मागच्या वेळी रात्रभर ताप होता आणि कुणी फोन उचलला नाही.’ मग एकच मुद्दा सांगा, एकच विनंती करा. तरीही नाही म्हणाली तर ‘बरं, विचार करा, मी गुरुवारी येते’ म्हणून उठा. आणि गुरुवारीच जा. शुक्रवारी गेलात तर तुमच्या शब्दाची किंमत तिथेच ठरली.

कुणाला बरोबर घ्यायचं

एकाच माणसाचा शब्द सगळीकडे चालत नाही. सरपंच बरोबर नेलात तर विरोधी गटाची घरं आणखी बंद होतात. मौलानांनी जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं सांगितलं तर मोहल्ल्यात ते तुमच्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त पोचतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून पसरलेल्या गोवराच्या साथीत आणि मालेगाव, भिवंडीत अशा आवाहनांचा आधार घ्यावा लागला. पण त्यांना आदल्या रात्री चिठ्ठी पाठवून नका सांगू. महिनाभर आधी भेटा, त्यांच्या शंका आधी मिटवा. गल्लीतला डॉक्टर, मग तो कुठल्या पद्धतीचा का असेना, विसरू नका. ताप आल्यावर आई त्याच्याकडे जाते, आणि तो ‘कशाला घेतला डोस?’ एवढं बोलला तरी तुमचं महिन्याचं काम गेलं.

सगळ्यात कामाची मात्र शेजारीण. जिच्या बाळाने मागच्या महिन्यात डोस घेतला, ताप आला, उतरला. तिला भाषण द्यायला लावू नका; दोघी नळावर बोलतील एवढं जमवा.

फलकांबद्दल एक. उर्दू वस्तीत उर्दूत माहिती हवीच, पण फेऱ्या आणि फलक फक्त तिथेच असतील तर ‘आमच्याच मागे का?’ हा प्रश्न उठतो. शेजारच्या वस्तीतही तेवढ्याच फेऱ्या मारा.

सत्राच्या दिवशी बिघडतं ते इथे

नकार दारात तयार होतात असं वाटतं. निम्मे तरी सत्राच्या टेबलावर तयार होतात.

आई पाच किलोमीटर चालत आली आणि ‘गोवरची बाटली आज फोडत नाही, एकच बाळ आहे, पुढच्या वेळी या’ असं ऐकून परत गेली, ती पुन्हा येत नाही. नियम स्पष्ट आहे: एका बाळासाठीही बाटली उघडायची. गोवर-रुबेला आणि बीसीजी विरघळवल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताना फेकायची, जे आधी येईल ते. ही नासाडी हिशेबात धरलेली असते. पेंटा, पोलिओ, न्यूमोकोकल यांच्या उघडलेल्या बाटल्या तारीख-वेळ लिहून, २ ते ८ अंशांत नीट ठेवल्या तर २८ दिवसांपर्यंत चालतात. बाटलीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या गोलातला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंतच लस वापरा. डब्यात घालायचे आईस पॅक आधी बाहेर ठेवून हलवल्यावर पाण्याचा आवाज येईपर्यंत वितळू द्या. कडक गोठलेला पॅक टेकला की पेंटा गोठून वाया जाते.

कोरडी लस विरघळवायचा द्रव त्याच लसीचा आणि तिच्याबरोबर आलेलाच. पॅसिफिकमधल्या सामोआत जुलै २०१८ मध्ये दोन परिचारिकांनी गोवराच्या लसीत पाण्याऐवजी मुदत संपलेलं भुलीचं औषध मिसळलं आणि दोन बाळं गेली. लसीकरण कित्येक महिने थांबलं, लोकांचा भरवसा उडाला, आणि २०१९ च्या साथीत त्या छोट्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. म्हणून टेबलावर लसीशिवाय दुसरी कुठलीही बाटली ठेवायची नाही. सॅनिटायझर खालच्या पिशवीत. आणि टोचण्यापूर्वी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचा, आईला ऐकू जाईल असं.

टोचल्यानंतर चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या डोसाची तारीख आणि जागा, कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणणं. घाईत दुसरी गाळली जाते. अर्धा तास बसवून ठेवा, पण उन्हात नाही.

शाळेतल्या मोहिमेत पालकांना आधी कळवा. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये शाळांतली गोवर-रुबेला मोहीम पालकांच्या संमतीच्या मुद्द्यावरच थांबवली होती. चिठ्ठी दप्तरात राहते, पालकसभा घ्या.

दुसऱ्या दिवशी परत जा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. डोसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जा किंवा फोन करा. ‘रात्री झोपला का?’ एवढं पुरे. ज्या बाईने नाइलाजाने डोस घेतला तिच्याकडे तर पहिल्यांदा.

तापाच्या औषधात होणारी चूक नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५ मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे अर्धा ते पाऊण मिली. सिरपच्या बाटलीत बहुधा ५ मिलीत १२५, म्हणजे दोन ते तीन मिली. एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं की मात्रा चौपट होते किंवा चौथा हिस्सा. म्हणून घरातली बाटली बघा, मगच मिली सांगा, आणि शंका असेल तर आरोग्यसेविकेला फोन लावा. अॅस्पिरिन नाही. सुजेवर गार पाण्याची घडी, चोळायचं नाही.

लगेच दवाखान्यात न्यायचं ते केव्हा, हेही आईला सांगून ठेवा: तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटके, बाळ ढिलं पडणं, दूध न ओढणं, श्वासाला त्रास, चेहरा सुजणं, दोन दिवसांनीही न उतरणारा ताप.

मोबाइलवर काही फिरायला लागलं तर

अफवा खोडणारा संदेश सगळ्या गटांत टाकला की अफवा न ऐकलेल्यांनाही ती कळते. आधी पाहा: ती कुठल्या गटात आहे, कुणी टाकली, कुणाला खरी वाटते? त्या गटात, त्याच गटातल्या ओळखीच्या माणसाकडून, आवाजाच्या संदेशात उत्तर जाऊ द्या. आवाज ओळखीचा असला की लेखी पत्रकापेक्षा लवकर पटतो. सुरुवात खऱ्या गोष्टीने करा, अफवेचा उल्लेख मध्ये एकदाच. व्हिडिओ दुसऱ्या देशातला किंवा जुना असेल तर तेवढंच दाखवा.

बाळाला खरंच काही झालं असेल तर मात्र त्या बातमीला अफवा म्हणू नका. पहिल्या तासात वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, बाळाला दवाखान्यात पोचवायची सोय करा, त्या सत्राच्या बाटल्या, सुया, उरलेली लस जशीच्या तशी ठेवा. फेकू किंवा धुवू नका. तपासाआधी ‘लशीमुळे नाही’ असं बोलू नका आणि ‘लशीमुळेच’ही नाही. घरी जा. बहुतेक कर्मचारी भीतीने त्या घराकडे फिरकत नाहीत, आणि गाव त्याचाच अर्थ कबुली असा लावतं. ‘काय झालं ते शोधतोय, कळलं की तुम्हाला पहिल्यांदा सांगेन’ एवढं म्हणून बसा.

वहीतली नोंद

प्रत्येक नकाराच्या घरासाठी एक ओळ: बाळाचं नाव, जन्मतारीख, राहिलेला डोस, निर्णय कुणाचा, कारण त्यांच्याच शब्दांत, पुढच्या भेटीची तारीख. तीन भेटी तुमच्याच झाल्या असतील तर चौथी दुसऱ्या कुणाला करू द्या. एखाद्या घराचं तुमच्याशीच जमत नाही, असंही असतं. साथीच्या काळात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराचा जादा डोस दिला असेल तर वहीत तसं वेगळं लिहा. तो मोजणीत धरत नाहीत, नवव्या आणि सोळाव्या महिन्यानंतरचे दोन्ही डोस लागतातच. नाहीतर तुम्ही पुन्हा गेल्यावर आई म्हणेल, ‘दिलाय की मागेच,’ आणि तिचं चुकलेलं नसेल.

तयार झालेलं घर वहीतून खोडू नका. त्याच ओळीत १६ ते २४ महिन्यांचा आणि पाच वर्षांचा बूस्टर कधी येतो, त्या तारखा लिहून ठेवा.